रोमी मेजवानीत देशमुखांचे लेकीने गादी कमावली ते वर्तमान

श्रीगजाननाचे चरणी मस्तक ठेवोन, सन दोन हजार सहाचे वसंतात अमेरिकेतील सनीव्हेल मुक्कामी जो रणसंग्राम जाहला, त्याची हकीगत लिहिली जाते. आजोबांची भाकर गोड की आपल्या कष्टाची, ऐसा संशय ज्यांचे चित्ती असेल त्यांनी ही सावकाश परिसावी.

राजश्री संग्रामराव देशमुख, मूळ वतन सासवडनजीक, हल्ली वस्ती भाड्याचे अपार्टमेंटात, पेशा संगणकाचे चिपांची तपासणी, आणि ग्रीनकार्डाचे रांगेत कैक वर्षे तिष्ठत. रोख दौलत बेताची. परंतु पणजोबांचे इनामाची सनद, म्हणजे तिची झेरॉक्स, सदैव हाताशी. पाहुणा चहास आला की बिस्किटाआधी सनद पुढे येई.

त्यांची कन्या निधी सहावे इयत्तेत. तिचे वर्गात इतिहासाचे धड्यासाठी प्राचीन रोमी मेजवानीचा दरबार ठरला. दस्तुर ऐसा की सर्वांनी रोमी झग्याऐवजी चादर नेसावी आणि चिठ्ठ्या काढाव्या. कोणी उमराव व्हावे, कोणी रयत, कोणी गुलामीतून सुटोन स्वकष्टे धनवान जाहलेला मुक्तदास. मग उमरावांनी घरून काही न आणिता गाद्यांवर लोळोन द्राक्षे खावी, आणि मुक्तदासाने पदरचे पक्वान्न आणोन उभ्याने वाढावे, कारण दौलत कमावता येते, गादीस जन्म लागतो. निधीस द्राक्षे आणि लोळणे दोन्ही प्रिय. आणि चिठ्ठी निघाली मुक्तदासाची.

हे ऐकताच रावसाहेबांचे मस्तकी तिडीक उठली. देशमुखांची लेक, आणि गुलामीतून सुटलेली! मग त्यांनी वर्गशिक्षिका मिस हॉलंड यांस ईमेल रवाना केला, सनद जोडिली आणि अर्ज केला की आमचे घराणे पिढीजाद इनामदार, सबब गादी मिळावी. बाईसाहेबांचे फर्मान आले की सनद फार सुरेख, छापून भिंतीवर लावू. परंतु चिठ्ठी बदलणार नाही, रोमातही जन्म कोणी अर्ज करोन घेतला नव्हता.

रावसाहेब खट्टू होऊन बसले. तेव्हा कुटुंब उल्काबाई वदल्या, "अरे संग्राम, इट्स जस्ट अ प्रोजेक्ट! चादर तरी नीट नेसव तिला. तुझ्यासारखं कोणाला जमतंय?"

ही तारीफ त्यांस झोंबली. कारण मराठी मंडळाचे गणेशोत्सवी नाटकात ते दरसाल राजाची भूमिका मागत, आणि मंडळ दरसाल त्यांस पडद्यामागे धोतरे नेसवावयास बसवी. हा सल मोठा होता. परंतु हात ऐसा बसला होता की त्यांनी नेसवलेला सरदार रणांगणी उताणा पडला तरी काष्टा जागचा हलत नसे.

मेजवानीचा दिवस उगवला. निधी चादर नेसोन, आईचे खजुराचे लाडू घेऊन उभी राहिली, आणि रावसाहेब इतर पालकांसमवेत भिंतीशी. उमराव सेफ्टी पिनांनी टाचलेल्या नव्या चादरी मिरवीत आले आणि गाद्यांवर लोळले मात्र, एकच कहर जाहला! पिना उडाल्या, चादरी सुटल्या, आतील बास्केटबॉलच्या चड्ड्या जगजाहीर जाहल्या. टायलर नामे उमरावशिरोमणी, त्याचे दोन्ही हात अब्रू सांभाळण्यात गुंतले. द्राक्षास हात उरेना.

निधीने बापाकडे पाहिले. रावसाहेबांचे मनी आले, इनामदाराचे पणतूने गुडघे टेकोन परक्यांची पोरे नेसवावी काय? इतक्यात निधीने उमरावांस तहाची कलमे ऐकविली, "माय डॅड कॅन फिक्स इट. बट आय गेट द काउच."

उमरावांनी तह तत्काळ मान्य केला. बाईसाहेबांनी हुकूम दिला की कमावलेल्या जोरावर गादी घेणारे रोमातही निघत, सबब मंजूर. मग रावसाहेबांनी बाह्या सारिल्या, गुडघे टेकिले, आणि सारी उमरावी रांगेत उभी राहोन "मी नेक्स्ट, मिस्टर देशमुख!" ऐसा आक्रोश करू लागली. निधी गादीवर आडवी होऊन द्राक्षे खाऊ लागली आणि टायलर लाडू वाढू लागला. तो सोहळा पाहोन रावसाहेबांचा ऊर भरोन आला. ऐसा आनंद त्यांस सनद दाखविताना कधी जाहला नव्हता.

येणेप्रमाणे फत्ते जाहली. सनद शाळेचे भिंतीवरच राहिली. आणावयास कोणी गेले नाही. पुढे भाद्रपदात मंडळाने प्रथमच राजाची भूमिका देऊ केली. ती रावसाहेबांनी नाकारिली, आणि पडद्यामागील आपले वतन मागोन घेतले.