चुन्याच्या भिंती

"यात चुकायला जागाच नाही," ताईने आईला सांगितलं. वास्तुकलेच्या पदव्युत्तर परीक्षेत तिचं एवढंच उरलं होतं: खऱ्या ग्राहकाचा आराखडा जमिनीवर खऱ्या मापात आखायचा, त्यातून त्याला फिरवायचं आणि सरांसमोर त्याची सही घ्यायची. सही नाही तर वर्ष गेलं. ग्राहक म्हणून तिने समोरच्या हाडांच्या डॉक्टरीणबाईंना गाठलं होतं. त्यांना नवा दवाखाना बांधायचा होता.

सकाळी इमारतीचं पार्किंग रिकामं होताच ताईने टेप धरून चुन्याच्या फक्कीने अख्खा दवाखाना आखला. रेघ म्हणजे भिंत, मोकळी जागा म्हणजे दार. मग ती जेवायला वर गेली.

साडेतीनला खाली येते तो दवाखान्यात गर्दी. बाहेरच्या खोलीत तीन स्कूटर, तपासणीच्या खोलीत चार. सोसायटीचे सेक्रेटरीकाका वही घेऊन जागा वाटत होते.

"काका, हे काय?"

"पार्किंगचे पट्टे. कमिटीने आखले असणार," काका म्हणाले. कमिटीने काही केलं आणि आपल्याला ठाऊक नाही, हे कबूल करणं त्यांच्या रक्तात नव्हतं.

"आणि मला हे एवढंसं खुराडं?" तळमजल्याच्या काकू कडाडल्या.

"काकू, ते टॉयलेट आहे."

"बघा! म्हणजे ठरवूनच केलंय."

ताईने हात जोडून सगळा प्रकार सांगितला. काकांनी क्षणात बाजू बदलली. "मुलीच्या वर्षाचा प्रश्न आहे. गाड्या काढा. पण दारातून! भिंतीवर चाक गेलं तर याद राखा."

आत येताना कुणी दार पाहिलं नव्हतं. आता मात्र सगळे शहाण्यासारखे रांगेला लागले आणि पहिलीच स्कूटर दोन खोल्यांमधल्या बोळाच्या वळणावर अडकली. पुढे घ्यावी तर हँडल भिंतीत, मागे घ्यावी तर मागची स्कूटर.

"थोडी तिरकी घ्या," मागून कुणीतरी सुचवलं.

"भिंतीतून घेऊ का?"

नेमके तेव्हाच सर आणि डॉक्टरीणबाई येऊन उभे राहिले. बाईंनी वळणावर अडकलेली स्कूटर पाहिली.

"माझे निम्मे पेशंट चाकाच्या खुर्चीतून येतात," त्या शांतपणे म्हणाल्या. "स्कूटर वळेना, तिथे खुर्ची कशी वळायची?"

ताईचा चेहरा चुन्यासारखा झाला. आराखड्याचे तिने अकरा कागद काढले होते. अकराही कागदांवरून एकसुद्धा खुर्ची गेली नव्हती. तिने चपलेने भिंत पुसली, दोन फूट सरकवून नवी ओढली. स्कूटर वळली. बाईंनी तिथेच कागद मागून सही केली.

सही बघायला काका पुढे झाले. कागद हातात आल्यावर त्यांच्याने राहवेना. त्यांनी खाली 'मंजूर' लिहून सोसायटीचा शिक्का मारला.

"तीस वर्षं व्यवसायात आहे," सर कागद न्याहाळत म्हणाले, "इतक्या लवकर मंजुरी मला कधी मिळाली नाही."

ताई हसणार, तोच काकूंनी कागद ओढून घेतला आणि शिक्क्याखाली लिहिलं: 'टॉयलेटबाबत हरकत.'