जुना अर्ज पाच, नवा पंधरा

विजेच्या कचेरीत जायला सुगंधाबाईंना कुणाची सोबत लागत नसे. "मला वाचता येतं!" असं त्या साऱ्या चाळीला ऐकू जाईल अशा बेताने सांगत. आणि ते खरंच होतं. जोगेश्वरीच्या त्या टेकडीवरच्या चाळीत प्रौढ साक्षरांचा वर्ग भरला तेव्हा पहिल्या रांगेत त्याच बसल्या होत्या. फक्त जोडाक्षरं यायच्या आधी शिकवणाऱ्या बाई बाळंतपणाला गेल्या त्या गेल्याच. तेव्हापासून वाटेत जोडाक्षर आलं, की सुगंधाबाई चिखल ओलांडावा तसा पदर सावरून पलीकडे उडी मारत.

त्यांना स्वतःच्या नावावर विजेचा मीटर हवा होता. आतापर्यंत त्यांच्या खोलीत वीज यायची ती शेजारच्या शांताबाईंच्या मीटरवरून, शांताबाईंच्या मर्जीने. थोरल्या मुलाने बोनसमधून आईला मिक्सर आणला, तर शांताबाई दारात येऊन म्हणाल्या, "हे बघ सुगंधा, दिवा लाव, पंखा लाव. पण ते घरघर यंत्र लावलंस तर वायर उपटीन!" तेव्हापासून मिक्सर भरतकामाच्या रुमालाखाली देवासारखा बसून होता आणि सुगंधाबाई पाट्यावर वाटण वाटताना शांताबाईंचंच वाटण करत होत्या.

"दसऱ्याच्या आत माझा मीटर नाही लागला तर नाव बदलीन!" असं नळावर जाहीर करून त्या निघाल्या. अर्ज नवऱ्याने, दत्तारामांनी, शाईच्या पेनाने भरून दिला होता. पाच रुपये फी, हे मागच्या महिन्यात मीटर घेतलेल्या कमलने सांगितलं होतं. पाचाची नोट मुठीत होती.

कचेरीच्या भिंतीवर कोरी करकरीत पाटी. 'अर्ज शुल्क. जुने : रु. ५. नवे : रु. १५.'

'अर्ज' त्यांना अर्जावरच्या मथळ्यावरून ओळखीचा. 'शुल्क'वरून उडी. पुढचं सगळं सोपं. जुने पाच, नवे पंधरा!

"अगो बाय!" सुगंधाबाई पाटीलाच म्हणाल्या. "तांदूळ जुना तो महाग, आणि इथे जुना तो स्वस्त? सरकारचं सगळं उलटंच!"

हातातला अर्ज तर कालचा, नव्या धोतरासारखा पांढराशुभ्र. खिडकीकडे न जाता त्या तडक घरी वळल्या.

दत्तारामांना वाटलं, बायकोने आपल्यासाठी चहा टाकला. बघतात तर तिने परातीत चहा ओतला आणि त्यात अर्ज झोपवला!

"अगं, काय करतेस हे?"

"जुना करतेय."

"अर्ज असा जुना होतो होय?"

"मग काय तुमच्यासारखा घरात पडून होऊ देऊ? तेवढा वेळ नाही मला! दहा रुपये वाचतात."

मग अर्ज वाळला, चुरगाळला गेला, तापलेल्या टोपाखाली सपाट झाला. शाई पसरली. तारखेतले '१९८' एवढे आकडे शिल्लक राहिले, शहाऐंशीतला सहा चहात विरघळला. परातीतला चहा वाया जाऊ नये म्हणून दत्तारामांना प्यायला दिला. संध्याकाळपर्यंत त्यांची जीभ निळी होती.

दुपारी त्या पुन्हा कचेरीत गेल्या, तेव्हा खिडकीत राजाराम नावाचा कारकून होता. त्याने अर्ज हातात घेतला आणि त्याचा चेहरा उतरला. नेमके त्याच दिवशी मोठे साहेब तुंबलेले अर्ज तपासायला आले होते.

"बाई, हा अर्ज... कधीचा?"

"जुना आहे."

"किती जुना?"

"चांगला जुना! रंग बघा ना!"

"ऐंशी सालचा की काय? बाप रे!" राजाराम मागे वळून टायपिस्ट बाईंशी कुजबुजला, "सुनंदाताई, वाट लागली! सहा वर्षं तुंबलेला अर्ज, आणि बाई स्वतः घेऊन आल्यात!"

पुढे जे झालं ते सुगंधाबाईंच्या माहेरीही कधी झालं नव्हतं. त्यांना आत बोलावलं. पंख्याखाली खुर्ची दिली. चहा-बिस्किटं आली. तीन कपाटं रिकामी झाली, जाडजूड वह्या उपसल्या गेल्या, धुळीने सुनंदाताई शिंकून शिंकून लाल झाल्या. सुगंधाबाईंनी बिस्किट बुडवता बुडवता मनात म्हटलं, जुन्या अर्जाला काय मान आहे! आणखी थोडा उकळायला हवा होता.

शेवटी मोठे साहेब हात जोडून आले. "बाई, नोंद कुठेच सापडत नाही. चूक आमचीच. वर तक्रार नका करू."

"तक्रार कशाला? हे पाच घ्या आणि मीटर द्या!"

"अडचण अशी आहे, दोन वर्षांवरचा अर्ज नियमाने रद्द होतो. तुम्हाला नवा अर्ज करावा लागेल."

"नवा? म्हणजे पंधरा?"

"आता सगळ्यांनाच पंधरा."

"मग पाटीवर जुने पाच लिहिलंय ते?"

"तो जुना दर हो! एक तारखेपासून फी वाढली. आधी पाच होती, आता पंधरा आहे."

सुगंधाबाईंच्या हातातलं बिस्किट कपात पडलं. अर्ज रद्द म्हणजे पुन्हा फॉर्म, पुन्हा रांग, दसरा गेला! त्या ताडकन उठल्या. "अहो साहेब, रद्द नका करू! जुना नाही तो! काल भरला, आज सकाळी चहात घातला!"

राजाराम उपसलेल्या वह्यांच्या ढिगाऱ्यात बसूनच पुढे वाकला. त्याने अर्ज नाकाशी नेला आणि थंडपणे विचारलं, "आलं घातलं होतंत?"

"आलं कुठलं? गवती चहा!" सुगंधाबाई फणकारल्या. "आणि माझ्यावर काय डोळे वटारता? पाटी नीट लिहायला काय होतं? 'फी वाढली' एवढं लिहिलं असतंत तर माझा चहा वाचला असता आणि तुमची कपाटं!"

साहेबांना हसू आवरेना. त्यांनी तोच अर्ज घ्यायला सांगितला. बांगड्यांसाठी पदराच्या गाठीत बांधलेले दहा रुपये सुटले, राजारामने दात खात पावती फाडली, तीवर काहीतरी लांबलचक खरडलं. मीटर पंधरवड्यात. दसऱ्याच्या आत!

सुगंधाबाई पावती न वाचताच मिरवत चाळीत शिरल्या. शांताबाई दारातच होत्या.

"काय गं, किती घेतले?"

"पंधरा."

"अगं, पाच होते ना?"

"पाचवाले जुने. मी नव्यातला दिला! आपल्याला स्वस्तातलं चालत नाही. ही बघ पावती!"

शांताबाई चौथी पास. त्यांनी पावती उजेडात धरली आणि सगळ्या चाळीला ऐकू जाईल अशा आवाजात वाचली, "रुपये पंधरा मिळाले. शेरा : अर्ज चहात बुडवून आणलेला. वास घेऊन खात्री केली."

नळावरच्या बायका हंडे खाली ठेवून हसायला लागल्या. सुगंधाबाईंनी पावती हिसकावून घेतली.

"वाचता येतं म्हणून सगळंच मोठ्याने वाचायचं असतं होय गं?"