सालेहचाचांच्या गल्लीतले परदेसी

एका भल्या माणसाला मी त्याच्याच गावातून वाटेला लावलं होतं, तेही डोळ्यांत पाणी आणून, हातात दशम्या आणि शेंगदाण्याच्या चटणीची शिदोरी देऊन. तो कुठंही जायला निघालेला नव्हता. पण आधी विचारावं एवढी अक्कल असती, तर मला नवी सून कोण म्हणालं असतं?

ते आमचे सालेहचाचा. गल्लीच्या तोंडाशी बाज टाकून बसायचे. चाऊस होते, म्हणजे निजामाच्या मुलखात चाकरीला आलेले अरब. पोरवयात समुद्र ओलांडून औरंगाबादेत आले आणि एका जहागीरदाराच्या वाड्यावर, म्हणजे इथल्या बोलीत देवडीवर, पहारा करता करता म्हातारे झाले. पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, जहागीरदार हैदराबादेला निघून गेला, देवडीला कुलूप लागलं. पण पहाऱ्याची सवय कुठं जाते? चाचांनी तो गल्लीवर बसवला. कमरेचा जंबिया सरकारजमा झालेला. पट्टा मोकळा कसा ठेवायचा, म्हणून तिथं अडकित्ता खोचला.

गल्लीत पाऊल टाकणाऱ्याला एकच सवाल, "कहाँ के?" उत्तर काहीही द्या, निकाल ठरलेला, "परदेसी." पुण्याहून बदलून आलेले मास्तर परदेसी. पैठणचा साडीवाला परदेसी. जालन्याचा पोस्टमन रोज येऊनही परदेसीच. मी शालू सावरत गल्लीत शिरले, तेव्हा त्यांनी वरात अडवून आमच्या ह्यांना विचारलं, "दुल्हन कहाँ की?"

"वैजापूरची, चाचा."

"हौ. परदेसी." मग माझ्याकडं बघून मोठ्या दयेनं मराठीत म्हणाले, "घाबरू नको. इथलं पाणी मानवंल हळूहळू."

सासूबाई उंबऱ्यावर माप मांडून ताटकळल्या होत्या. तिथूनच म्हणाल्या, "ओ चाऊस, पोरीला आत तर येऊ द्या. अन् तुम्ही हो कुठले?"

"मी? मी इथला," म्हणत चाचा सुपारी कातरायला लागले.

औरंगाबादेविषयी वावगं ऐकून घेणं त्यांना जमतच नसे. पेरू आंबट निघाला तर तो बाहेरून आलेला असायचा. कुणी म्हणालं, यंदा उन्हाळा लई कडक, तर चाचा म्हणत, "आमच्या औरंगाबादेत असं नसतं. ही वैजापूरकडची हवा." आणि सगळी गल्ली माझ्याकडं बघायची, जणू मीच ती ट्रंकेत भरून आणली.

मी तेव्हा चुलीच्या धुराचं निमित्त करून रोज माहेरासाठी रडत होते. अशातच एकदा नळावर शेजारीण म्हणाली, "परमुलखातून आलेल्या अरबांना सरकार जहाजात बसवून परत धाडतंय म्हणे. चाऊसांनाही उद्या कचेरीत बोलावलंय." बाकीच्या बाया हळहळल्या. मला मात्र चाचांचा हेवा वाटला. माणसाला फुकटात माहेरी पोचवणारं सरकार! वैजापूरच्या पोरींची त्याला दया का येऊ नये? घरी येऊन मी दुधात पीठ मळायला घेतलं.

सकाळी चाचा निघाले. शेजारी म्हणून साक्ष द्यायला आमचे हे बरोबर. मी पुढं होऊन गाठोडं दिलं, पाया पडले आणि मनसोक्त रडून घेतलं. वर म्हणाले, "तिकडं सगळ्यांना माझा नमस्कार सांगा." अन्नाला नाही म्हणायची चाचांची रीत नव्हती, म्हणून गाठोडं घेऊनच गेले.

कचेरीत काय झालं ते ह्यांनी नंतर सांगितलं. साहेबांनी आधी गाठोडं पाहिलं. म्हणाले, "वा, तयारीनंच आलात की."

चाचा म्हणाले, "साहेब, ही शिदोरी शेजारच्या सुनेनं दिली. ती वैजापूरची. परदेसी आहे, तिला इथलं काही कळत नाही."

"तुमचं गाव कोणतं?"

"औरंगाबाद."

"त्याच्या आधीचं?"

चाचा म्हणाले, "त्याच्या आधी मी लहान होतो."

साहेबांनी लेखणी खाली ठेवली. तेवढ्यात चाचांनी सवयीनं विचारलंच, "आप कहाँ के?" साहेब म्हणाले, "साताऱ्याचा." जन्मात पहिल्यांदा चाचांनी निकाल गिळला. शेवटी ह्यांनी जामीन म्हणून सही केली आणि चाचांना राहायची परवानगी मिळाली.

इकडं सासूबाईंनी माझी हजेरी घेतलेली. "अगं, ज्याला जबरीनं घालवायला निघालेत, त्याला तू शिदोरी बांधलीस? उद्या मी मेले तर मला मुंडावळ्या बांधशील."

दिवेलागणीला चाचा परत येऊन बाजेवर बसले. मी पदर तोंडाशी धरून गेले. म्हटलं, "चुकलं माझं, चाचा. पण तुम्हाला खरंच आठवत नाही का हो तिकडचं?"

चाचा म्हणाले, "आठवायचं की. नवा होतो तेव्हा रोज देवडीच्या गच्चीवर चढायचो, समुंदर दिसतो का बघायला. तू नाही का वैजापूरच्या सडकेकडं बघत उभी राहतेस, तसा. मग एक दिवस चढायचंच राहून गेलं. कोणता दिवस, ते ध्यानात नाही. तुझं पण राहून जाईल, बेटा. तोवर मी बसलोय इथं."