कूलरपुढचे रसिक

मे महिन्याच्या पहिल्याच आठवड्यात प्रेमानंद तायड्यांची एक रेकॉर्ड कुरडईसारखी वाकडी झाली आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. पिंपळगाव राजात पारा शेहेचाळीसवर गेला होता. स्वतः तायडे अंगावर ओला पंचा टाकून पंख्याखाली पडत, त्यांची काही तक्रार नव्हती. पण कपाटात तीनशे बारा रेकॉर्डी होत्या. सगळ्या जॅझच्या आणि गॉस्पेलच्या, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी वाजवलेल्या आणि चर्चमध्ये आळवलेल्या.

हे वेड भुसावळचं. तायडे तिथे रेल्वेत पार्सल क्लार्क असताना एका अँग्लो-इंडियन गार्डानं ऑस्ट्रेलियाला कायमचं जाताना त्यांच्या हातात एक रेकॉर्ड ठेवली. काळी बाई देवाला हाका मारत होती. तायड्यांना त्यातला एक शब्द कळला नाही, पण त्या दिवसापासून ते कामातून गेले. चाळीस वर्षांत ती गाणी शेवटपर्यंत ऐकणारं दुसरं माणूस त्यांना जिल्ह्यात भेटलं नाही, एक बायको सोडून. छायाबाई शेजारी मेथी निवडत बसत आणि रेकॉर्ड संपली की विचारत, "झालं का त्या बाईचं रडून?" त्यांना जाऊन तीन वर्षं झाली होती. आता रेकॉर्डींना नावं ठेवायलासुद्धा घरात कोणी उरलं नव्हतं, आणि हे तायड्यांना फार लागत असे.

तर तायड्यांनी रेकॉर्डींसाठी खामगावहून कूलर आणला. लोखंडी, वाळ्याच्या ताट्यांचा, कपाटाएवढा. सुरू झाला की पिठाची गिरणी चालू झाल्यासारखं वाटे. गाणं ऐकू येत नसे, पण त्यामुळे तायड्यांचं काही अडलं नाही. प्रत्येक रेकॉर्ड त्यांना तोंडपाठ होती, सुई टेकली की गाणं डोक्यात आपोआप सुरू होई.

तिसऱ्या दिवशी दुपारी शेजारच्या सत्यभामाबाई गहू निवडायला सूप घेऊन दारात उभ्या राहिल्या.

"भाऊजी, बसू का जराशीक इथं?"

तायडे हडबडून उठले. "बसा ना! गाणं ऐकून राह्यलो होतो. भजनच समजा, तिकडच्या लोकाइचं."

"मंग लावा की! भजनाले कोन नाही म्हनते?" सत्यभामाबाई कूलरसमोर ऐसपैस बसल्या आणि दोन तास हलल्या नाहीत. जाताना म्हणाल्या, "लय बरं वाटलं बाप्पा. उद्या येतो."

गावात नळ बारा दिवसांनी येत होता. प्यायचीच मारामार, तिथे कूलरमध्ये ओतायला पाणी कोण देणार? घरोघरचे कूलर कोरडे पडले होते. तायड्यांच्या बोअरला मात्र अजून पाणी होतं. ही साधी गोष्ट सगळ्या गल्लीच्या लक्षात आली, फक्त तायड्यांच्या आली नाही.

दुसऱ्या दिवशी पाच बाया आल्या, त्यानंतर दोन दिवसांनी पुरुष. नारायणराव तर उशी घेऊनच आले आणि पहिल्या गाण्याला घोरू लागले. तायड्यांनी त्याला तंद्री म्हटलं. प्रत्येक रेकॉर्डीआधी ते ओरडून ओरडून माहिती सांगत आणि मंडळी माना डोलावत.

"आवडलं का?"

"एक नंबर! पानी संपत आलं काय पाहा बरं, भाऊजी."

तायडे आनंदानं बादल्या ओतत. त्यांनी नाशिकला मुलीला फोन लावला. "योगिनी, अठरा लोक येऊन राह्यले रोज!"

"बाबा, आपल्या गावात? जॅझ ऐकायले?"

"गावाले नावं ठेवू नको. रसिक मानूस कुठं लपून बसलेलं राह्यते, सांगता येत नाही."

मग त्यांनी रविवारी खास कार्यक्रम ठरवला. गार्डाची ती पहिली रेकॉर्ड लावायची. छायाबाई गेल्यापासून त्यांनी तिला हात लावला नव्हता. एकट्यानं ऐकायची हिंमतच होत नव्हती. आता तसं राहिलं नव्हतं. त्यांनी सतरंज्या अंथरल्या, लिंबाचं सरबत केलं, इस्त्रीचा शर्ट घातला. रसिकांची दाटी कूलरकडेच होते हे पाहून, कोणी वंचित राहू नये म्हणून रेकॉर्ड प्लेअरही कूलरला खेटून ठेवला. चाळीस माणसं आली. पुढच्या जागेवरून दोन बायांची तर हमरीतुमरी झाली. तायड्यांचे डोळे भरून आले.

त्यांनी सुई उचलली, आणि कूलरमधून 'भस्स' आवाज आला. धूर निघाला. पंखा दोन गरके घेऊन थांबला.

नारायणराव ताडकन उठून बसले. "काऊन बे, बंद काऊन झाला?"

पाच मिनिटं पदरानं वारा घेणं झालं. मग एकेक जण उठला. सरबत तेवढं सगळ्यांनी घेतलं.

"अवो, गानं तं राह्यलंच!" तायडे म्हणाले.

"कूलर सुधरला का हाक मारा, भाऊजी," सत्यभामाबाई चपला शोधत म्हणाल्या. "लगेच येतो."

तायड्यांना सगळं एकदम कळलं. रिकाम्या सतरंज्यांवर ते बराच वेळ बसून राहिले. छायाबाई गेल्या तेव्हासुद्धा घर इतकं मोठं वाटलं नव्हतं. रेकॉर्ड त्यांनी न लावताच कव्हरात घातली.

तरीही कूलर दुरुस्त करणं भागच होतं, रेकॉर्डींसाठी. सोमवारी दुपारी गुलाम रसूल मिस्त्री पिशवी घेऊन आला आणि मोटर खोलून बसला. तायड्यांनी काही वेळ त्याच्याकडे पाहिलं. मग उगाच, आता काय राहिलंय अशा मनानं, त्यांनी गार्डाची रेकॉर्ड काढली आणि लावली.

त्या निःशब्द, तापलेल्या खोलीत बाईचा आवाज उठला. इतक्या दिवसांत डोक्यातलं गाणं ऐकून तायडे खरं गाणं विसरूनच गेले होते. त्यात बाई मध्येच श्वास घेते, तोही ऐकू आला. ते डोळे मिटून बसले. रेकॉर्ड संपली तेव्हा त्यांनी गाल पुसले आणि मिस्त्रीकडे वळले. गुलाम रसूल हात मांडीवर ठेवून बसला होता. त्याच्या कपाळावरून घाम टपटप गळत होता.

"लय काम हाय का?"

"काम तं कवाचं झालं, साहेब. पंधरा मिन्टं झाले."

"मंग चालू काऊन नाही केला? जीव जाऊन राह्यला गर्मीनं."

"चालू केला असता तं बाई ऐकू आली असती का?" गुलाम रसूलनं बाहीनं तोंड पुसलं. "काय बोलली ते नाही समजलं मले. पन माझी अम्मी अशीच दुवा मांगे, आवाज असाच फाटे तिचा." "खूपच रडते हो पन ही बाई."

तीन वर्षांनी कोणीतरी त्या बाईला नावं ठेवली होती.

"दुसरी बाजू हाय का हिची?"

"हाय ना," तायडे घाईघाईनं उठले. रेकॉर्ड उलटी करून त्यांनी सुई उचलली.

तेवढ्यात दाराशी बांगड्या वाजल्या. सत्यभामाबाई सूप घेऊन उभ्या होत्या, मागे नारायणराव, काखेत उशी. "झाला का हो कूलर?"

तायड्यांनी आयुष्यभर खोटं बोलायचं टाळलं होतं. त्यांनी मिस्त्रीकडे पाहिलं.

गुलाम रसूलनं कूलरची वायर पायानं हळूच मागे सारली आणि दुःखी चेहरा केला. "कुठं बाई! मोटर पूरी गेली. मले रोज येऊन बसा लागते आता, चार-सहा दिवस तरी."