भिंतीवरचे हिरो

आमचे शेजारी भास्करराव आठवड्यातले सहा दिवस, संध्याकाळी साडेसात ते आठ, हार घालून भिंतीवर टांगलेले असतात. उरलेला वेळ ते चांगले धडधाकट असतात, मिशांना कलप लावतात आणि गेटपाशी उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्या बायकांना चेहऱ्याची डावी बाजू दाखवतात. डावी जास्त देखणी आहे असं त्यांचं मत. मला दोन्ही देखण्या वाटतात, आणि हेच माझं पस्तीस वर्षांचं दुखणं आहे.

भास्करराव टीव्हीवरचे नट. सगळी कॉलनी त्यांना हिरो म्हणते, आणि तरुणपणी ते खरोखरच हिरो होते. त्यांची मालिका लागली की आमच्या घरी दूध उतू जायचं. आमचं नवीन लग्न झालेलं. मी नागापूरच्या एमआयडीसीत स्टोअरकीपर, दिवसभर बेअरिंग आणि वॉशरच्या सहवासात. एकदा गुपचूप त्यांच्यासारखा भांग पाडून जेवायला बसलो. शैला, म्हणजे माझी बायको, म्हणाली, "डोकं दुखतंय का?" पुढे दहा वर्षांनी त्याच माणसाने नेमकं आमच्या शेजारी घर बांधलं. शैलाने वास्तुशांतीला दोनदा साडी बदलली.

नंतर हिरो खलनायक झाले, मग मुलीचे बाप, मग आजोबा. प्रत्येक टप्प्यावर बायकांचं काय बदलत गेलं, ते हिरो स्वतःच रंगवून सांगतात. "आधी बघून लाजायच्या. खलनायक झालो तेव्हा श्रीरामपूरच्या स्टँडवर एकीने शिव्या घातल्या, पण शेवटपर्यंत नजर हटवली नाही. बाप झालो तर मुलींसाठी स्थळं विचारायला लागल्या. आता पाया पडतात. पण हात लावतातच ना? मार्केट आहे अजून."

'मार्केट आहे अजून' हे त्यांचं पालुपद.

सध्याच्या मालिकेत ते पहिल्या भागाच्या आधीच वारलेले आहेत. दोन वर्षांपूर्वी मुंबईला जाऊन एक फोटो काढून आले, की काम संपलं. नायिकेची सासू रोज त्या फोटोपुढे उभी राहून रडते.

गेल्या महिन्यात मी त्यांना स्कूटरवर बसवून पारनेरच्या बाजाराला नेलं. भाजीवाली मावशी तराजू तसाच हातात धरून बघत राहिली.

"अवो, तुमी तर वारला ना? ती बाई रोज तुमच्या फोटूम्होरं रडती, आन तुमी हितं वांगी निवडताय व्हय?"

"आज सुट्टी आहे, मावशी," हिरो म्हणाले.

"हारात लई देखनं दिसता पन," असं म्हणून तिने पदर सावरला. मग माझ्याकडे बोट केलं. "हे कोन, डायवर हायेत का?"

मी वांग्यांची पिशवी स्कूटरला अडकवली. हिरो येताना सुप्यापर्यंत मागे बसून शीळ घालत होते.

या देखणेपणाचा ज्यांच्यावर काडीचा परिणाम झाला नाही, अशा एकट्या मालतीवहिनी, त्यांच्या पत्नी. "हिरो, दळण आणा," "हिरो, उशीला कलप लागलाय," असं त्यांचं दिवसभर चालायचं, आणि हिरो प्रत्येकाला उत्तर द्यायचे. भिंतीपलीकडून आम्हाला सगळं ऐकू यायचं. वहिनी मागच्या वर्षी गेल्या.

परवा त्यांचं वर्षश्राद्ध होतं. आदल्या दिवशी त्यांची लेक अर्चना वहिनींचा मोठा फोटो आणि चंदनाचा हार घेऊन आली. मला म्हणाली, "काका, बाबा महिनाभर टाळतायत. कधी म्हणतात ही भिंत नको, कधी म्हणतात उजेड नीट पडत नाही. उद्या पाहुणे यायच्या आत तुम्हीच लावून द्या."

मी ड्रिल घेऊन गेलो. मनात म्हटलं, नट माणूस, घरात दुसऱ्या कुणाचा फोटो आपल्यापेक्षा मोठा नको असेल. साडेसात वाजून गेले होते. टीव्हीवर सासू रडत होती आणि तिच्या डोक्यावर हिरो हसत होते. समोर सोफ्यावर हिरो आवाज बंद करून बसले होते, मांडीवर वहिनींचा फोटो.

"कुठे लावायचा?" मी विचारलं.

त्यांनी पडद्याकडे बोट केलं. "हे बघा, शिंदे. दोन वर्षं ही बाई रडतेय आणि मी वरून हसतोय. एकदासुद्धा 'काय झालं' म्हणून विचारता आलं नाही मला. असं काम वैऱ्यालाही मिळू नये." मग फोटोची काच बाहीने पुसत म्हणाले, "मालतीला ते काम नको देऊ या. तिला गप्प बसवत नाही. आणि खाली एकटा मीच असणार हो."

इतकी वर्षं या माणसाचा हेवा करत आलो, त्याची लाज वाटली. मी ड्रिल पिशवीत घातलं आणि स्वयंपाकघरात गेलो.

"झालं का, काका?" अर्चनाने विचारलं.

"ड्रिल जळलं गं. दुरुस्तीला वेळ लागेल."

ती काही म्हणणार, तेवढ्यात बाहेरून हिरोंचा आवाज आला. "बरं, उद्या खीर तांदळाची करायची की गव्हल्यांची, ते तरी सांग." बाहेरच्या खोलीत दुसरं कुणीच नव्हतं. अर्चनाने हार डब्यात घालून झाकण लावलं.