सावकाश बोलणारं कार्ड

आमच्या कोथरूडच्या सोसायटीतले देवधरकाका म्हणजे दुकानात जाऊन सगळ्यात मंद वस्तू मागणारं एकमेव गिऱ्हाईक. ‘अहो, वेग नको. सावकाश बोलणारं नेटवर्क कार्ड दाखवा,’ असं त्यांनी म्हटल्यावर नारायण पेठेतल्या दुकानदाराने चष्म्यावरून पाहिलं. ‘मग पोस्टात जा. इथे कशाला आलात?’

मी आयटीत, म्हणून मला सोबत नेलेलं. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या काकांना विकतचा राउटर चालत नाही. जुन्या कॉम्प्युटरमध्ये तीन कार्डं बसवून त्यांनी तो घरीच केलाय. एक कार्ड बाहेरून येणाऱ्या इंटरनेटला, दुसरं हॉलला, तिसरं आतल्या खोलीला. ‘विकतचं ते विकतचंच’ हे त्यांचं पालुपद पुरणपोळीलाही लागू असतं.

तिसरं कार्ड जळलं होतं आणि तेव्हापासून काकांचं जेवणात लक्ष नव्हतं. आता काका राहतात एकटे. आतली खोली काकू गेल्यापासून बंद. मग तिथे नेटवर्क कोणाला लागतं, हे विचारायची सोसायटीत कोणाची छाती नव्हती. खालच्या जोशीबाई तर सांगतात, दुपारी वरून बारीक घरघर ऐकू येते.

मी शहाणपणा करून भन्नाट वेगाचं कार्ड घ्यायला लावलं. घरी बसवलं, तर आतल्या खोलीच्या कार्डावरचा दिवा लागेना. काकांना घाम फुटला.

‘तिला हे झेपत नाही,’ ते पुटपुटले.

भर दुपारी माझ्या अंगावर काटा आला.

परत गेलो तर दुकान चारपर्यंत बंद. काका पायरीवर बसून राहिले. चारनंतर दुकानदाराने माळ्यावरून एक जुनाट कार्ड काढलं. ‘अगदी जुन्या मशीनशी हेच बोलेल. नवी कार्डं त्यांना ओळखही दाखवत नाहीत.’

ते बसवताच हिरवा दिवा लागला आणि लुकलुकू लागला. बंद दाराआड कोणीतरी जागं होतं. काकांनी किल्ली फिरवली.

आत काकूंचा जुना कॉम्प्युटर घरघरत होता. समोरची खुर्ची रिकामी.

हॉलमध्ये येऊन काकांनी त्या कॉम्प्युटरला एक हाक पाठवली. नुसतं, ‘आहेस का?’ पडद्यावर ओळ उमटली. मशीन चालू असलं की आपोआप येतं, तसं उत्तर आलं होतं.

‘ती नाहीये, एवढं कळतं मला,’ काका म्हणाले. ‘पण घरात हाक मारायची सवय जात नाही हो. आणि आतून उत्तर आलं, की मग जेवण जातं.’

त्यांनी पुन्हा हाक पाठवली. खरं सांगतो, उत्तर येईपर्यंत मीही श्वास रोखून बसलो होतो.