हौसाबाईंच्या लग्नी तांब्याचा वायसर तावून बसविला त्याची हकीकत

श्री अग्निनारायण समर्थ. तेल, तांबे आणि ताव या तिघांस प्रथम नमन करून मग लेखणी उचलिली आहे. शके अठराशे शहाण्णव, आनंद नाम संवत्सर, माघ मास. ते समयी घाटाच्या पायथ्याशी एक राज्य नांदत होते. त्याचे नाव लिहिण्याचे प्रयोजन नाही. चार पत्र्यांचे छत, पुढे हमरस्ता आणि पाठीशी निवडुंगाचा तट, इतुकाच मुलूख. परंतु तेथे थांबल्याशिवाय मोटार घाट चढत नसे, ऐसा दरारा. राज्याचे धनी रायाजीराव भोरकडे, अंगी खाकी सदरा, हाती पाना, आणि एकदा निघालेला शब्द माघारी घेणे ठाऊक नाही. त्यांची राणी भिवराबाईसाहेब, तांबटांच्या घरची लेक. राजवाहन म्हणजे एक जुनी जीप, तिजवर रावांचा जीव. आणि राज्याचा कायदा एकच होता, की गाडीचे तेल बदलले म्हणजे वायसर नवा घालावा. वायसर तो काय, तर इंजिनाच्या पोटाखाली तेल सोडावयाचा जो बोल्ट, त्याच्या गळ्यातील तांब्याची कडी. बोल्ट आवळला की कडी स्वतः चेपून घेते आणि तेलास वाट देत नाही. परंतु चेपली की कडकही होते आणि पुन्हा नीट बसत नाही. रावांच्या तीर्थरूपांनी एकदा जुनाच वायसर बसविला आणि घाटात थेंब थेंब तेल गळून इंजिन जाम जाहले आणि लोक हसले. ते हसे रावांच्या जिव्हारी लागले. तेव्हापासून वायसर निघाला की राव मागे न पाहता खांद्यावरून निवडुंगात भिरकावीत आणि म्हणत, "एकदा चेपलं ते चेपलं."

मग काय वर्तमान जाहले, की राजकन्या हौसाबाई यांचे लग्न घाटापलीकडील पाटलांचे घरी ठरले. पाटील मंडळी मानापानाची. मुहूर्त टळला तर वधूस दारातून परत लावतील, ऐसा लौकिक. लग्नाचे सकाळी वऱ्हाड नटून उभे, हौसाबाई हळदीच्या अंगाने बाकावर बसलेल्या, आणि रावांनी धोतर वर खोचून जीपेखाली परात सरकविली. बाईसाहेब धावत आल्या आणि म्हणाल्या, "अवं, आजच? काल काय हात मोडलं हुतं?" राव खालूनच बोलिले, "काल तुझ्या भावांनी मांडवाला जुंपलं हुतं मला. काळ्या तेलावर माझी लेक सासरी जायची न्हाई." आणि बोल्ट खोलिला. काळे तेल परातीत उतरले आणि राव प्रसन्न जाहले आणि जुना वायसर रिवाजाप्रमाणे निवडुंगात गेला. मग नव्या वायसरांची डबी मागविली. डबी जड होती, हलविली की वाजत होती, म्हणोन महिनाभर ती उघडून पाहण्याची तसदी कोणी घेतली नव्हती. उघडिली तो आत सगळे वायसर ट्रकाचे. बोटात घालावे तर बोटातून गळून पडावे ऐसे. रावांचे तोंड उतरले. तालुक्याचे दुकान दूर, दुसरी गाडी नाही, ऊन चढते आहे. एक पाहुणा म्हणाला, "निवडुंगात शोधू की तो जुना. बसवा आन चला." राव त्यावर ओरडले, "आन मधल्या वळणावर तेल सांडलं तर? माझी लेक रस्त्यावर बसवू व्हय?" हौसाबाईंनी बापाकडे पाहिले आणि मान खाली घातली आणि रावांस ते पाहवेना. आपल्याच कायद्याने आपलीच लेक अडविली, ऐसे त्यांचे मनी आले.

तेव्हा भिवराबाईसाहेब घरात गेल्या आणि एक माळ घेऊन बाहेर आल्या. माळेत तांब्याच्या कड्या ओवलेल्या. राव पाहतात तो सगळे वायसर आपल्याच हातचे! तांबटाच्या लेकीस तांबे फेकलेले बघवत नव्हते. राव फेकीत आणि बाईसाहेब काटे लावून घेत वेचीत, आणि ती माळ हौसाबाईंच्या पाळण्यास बांधिली होती. रावांनी तो नाद वर्षानुवर्षे ऐकला होता आणि माहेरून आलेले घुंगरू समजले होते. बाईसाहेबांनी जीपेच्या मापाची एक कडी निवडिली. राव हळूच म्हणाले, "अगं, चेपलेली हाय ती." बाईसाहेब म्हणाल्या, "ठाव हाय. ठोकलं की तांबं कडक हुतं, तुमच्यावानी. जाळात लाल करायचं, पाण्यात टाकायचं, की मऊ पडतं. माझ्या बानं सारा जलम ह्येच केलं." आणि लापशीच्या चुलीतले लाकूड सारून कडी निखाऱ्यात ठेविली. वऱ्हाड चुलीभोवती जमले. कडी काळी पडली, मग तांबूस, मग उगवत्या सूर्यासारखी लाल. आणि सांडशीने उचलून तांब्यातील पाण्यात सोडिली, तो चुर्र आवाज झाला. मग चिंच लावून घासली. रावांनी दोन बोटांत धरून दाबून पाहिली आणि ती लवली. ज्यांनी हजार वायसर बसविले त्यांनी ती उलटसुलट करून पुन्हा दाबली. काय हे तांबे! इतुके आवळले, इतुके चेपले, फेकले, काट्यात पडले, आणि आगीत जाऊन पुन्हा कोवळे होऊन आले. राव बोलिले, "भिवरे, हे मला कुणी सांगितलं न्हाई." बाईसाहेब बोलिल्या, "इचारलं कवा?"

मग कडी बसविली आणि बोल्ट आवळिला आणि नवे तेल भरिले आणि स्वारी निघाली. राव जीप हाकीत होते परंतु नजर ऑइलच्या काट्यावर, आणि वळणावळणावर कुलदैवत आठवीत होते. काटा हलला नाही. मुहूर्ताआधी पाटलांचे दारी पोचले, आणि व्याही भेटीस पुढे आले तो राव खांद्यावरचे शुभ्र उपरणे काढून जीपेखाली शिरले आणि बोल्टाखाली ते अंथरून आले. पाटलांनी चकित होऊन विचारिले, "पाव्हणं, ही कोणती रीत?" राव म्हणाले, "आमच्याकडची हाय." मंगलाष्टके जाहली, अक्षता पडल्या, पंगती उठल्या, मग रावांनी उपरणे ओढून उजेडात धरिले. पांढरे ते पांढरेच. एक थेंब नाही. राव ते उपरणे तोंडास लावून रडले, आणि लोक समजले की लेकीसाठी रडतात, आणि तेही खरेच होते. पाठवणीचे वेळी बाईसाहेबांनी माळ लेकीच्या हाती दिली. हौसाबाईंनी ती कानाशी हलविली आणि म्हणाल्या, "आये, आवाज बदलला." आणि जीपेकडे पाहून हसल्या.

पुढे पावसाळा सरला आणि तेल बदलण्याचा समय आला. रावांनी बोल्ट खोलिला, वायसर काढिला, आणि हात सवयीने खांद्यावर गेला आणि तिथेच थांबला. राव जीपेखालून निघाले आणि तेलकट पायांनी तसेच चुलीपाशी गेले आणि कडी दोन्ही हातांनी बाईसाहेबांपुढे धरिली. बाईसाहेब म्हणाल्या, "पुन्ना ताव देऊ?" राव म्हणाले, "नगं. नवा हाय डबीत, बघितलाय. ही हौसाच्या माळंत ओव. पाळणा बांधायचा निरोप आलाय तिकडनं."

ते दिवसापासून राज्याचा कायदा ऐसा जाहला, की नवा वायसर असेल तर नवा घालावा, नसेल तर जुना तावून घालावा, तसाच कदापि घालू नये. आणि निवडुंगात काही फेकू नये. हकीकत घडली तैसी लिहिली आहे.